ताण दिलेली झाडं

"वास घे," म्हणत तो अंगठा आणि तर्जनी समोरच्याच्या नाकाशी धरायचा. समोरचा नको म्हणाला तरी धरायचा. माती, संत्र्याचं पान, फवारणीचं औषध, सगळं बोटांत चोळून गल्लीभर हुंगवत फिरायचा. असा एक सर्वज्ञ तुमच्याही गल्लीत असेल. सौंसरला आमचा सर्वज्ञ भिंतीला भिंत लावून राहायचा.

वय चाळीस, लग्न नाही, संत्र्याची बाग दुसऱ्याला वाट्याने दिलेली. आईला हाडांचा कॅन्सर. नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या तिच्या पोटात ठरत नसत. मग याने मोबाइलवर शोधून काढलं की गांजाच्या फुलाचा अर्क दुखणं थांबवतो. व्हिडिओ अमेरिकेचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून अर्थ सांगायला मला बोलावणं यायचं. "तू कोणाजवळ बोलत नाहीस, हे बरं हाय," तो म्हणायचा. माझ्याविषयी त्याने केलेलं हे एकमेव निरीक्षण.

न्हाणीमागे, उंच भिंतीच्या आत, त्याने सहा झाडं लावली. पावसाळ्यात ती माझ्या खांद्याला लागली. कळी धरली की पाणी तोडू नका, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. मी तसं सांगितलं. तो हसला.

"त्याच्या बापानं संत्रा लावला होता काय? ताण देल्याशिवाय फूल येते का कुठी?"

आमच्याकडे संत्र्याचं पाणी तोडतात, झाड सुकू देतात, मग पुन्हा पाणी देऊन बहर धरतात. त्याने तेच केलं. वीस दिवसांत पाच झाडं करपली. सहावं मोरीपाशी होतं. त्याच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, आंघोळीचं पाणी तिकडेच जायचं, त्यामुळे त्याला ताण बसेना. "हे माजलं, कामाचं नाही," म्हणून त्याने त्या झाडाकडे बघणंच सोडलं.

करपलेल्या झाडांची फुलं त्याने वाळवली, बटर पेपरात गुंडाळली आणि अर्क सुटावा म्हणून केस सरळ करायच्या गरम मशीनमध्ये दाबली. मशीन माझी. मागितली तेव्हा मला नाही म्हणता आलं नव्हतं. आत काकू हाका मारत होत्या. पाणी नको, गोळी नको, जरा जवळ बस, एवढंच म्हणायच्या. महिनाभर हेच चाललं होतं, आणि याला त्यांच्याच दुखण्याच्या औषधातून सवड नव्हती.

धूर निघाला. कागद उलगडला तर ज्वारीच्या दाण्याएवढा काळपट, चिकट थेंब.

"सोनं हाय," तो म्हणाला. बोटं माझ्या नाकाशी आली. जळक्या केसांचा वास होता.

थेंब गुळाच्या खड्यावर लावून त्याने आईच्या तोंडात घातला आणि घड्याळ बघत उभा राहिला.

"कमी झालं, माय?"

"हाव. लय कमी झालं. बस आता."

तो बसला नाही. उरलेली फुलं दाबायला पळाला.

काकूंनी माझ्याकडे मान वळवली. "काही कमी नाही झालं, पोरी. थो बसन, म्हणून म्हटलं. तू सांग त्याले."

मी मान हलवली आणि घरी आले. त्याला सांगितलं नाही. आईजवळ बस, एवढंही सांगावं लागतं का, असं मनात होतं.

पाचव्या दिवशी काकू गेल्या. तेरवीच्या पंगतीत तो पानापानाशी थांबून सांगत होता की शेवटी मायला आराम पडला, त्याच्याच हाताने पडला. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "तू होती ना तिथं. सांग."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हो म्हटलं.

महिन्याभरात तो घराला कुलूप लावून पांढुर्ण्याला बहिणीकडे गेला. मशीन आमच्या मधल्या भिंतीवर ठेवून गेला, न पुसता. ती घ्यायला स्टुलावर चढले तेव्हा पलीकडचं सहावं झाड दिसलं. आमच्या न्हाणीचं पाणीही त्याच मोरीत जातं. झाड भिंतीएवढं झालं होतं आणि शेंडे फुलांनी जड होऊन वाकले होते.

मी हात लांब करून एक फूल बोटांत चोळलं. हुंगलं. मग नकळत बोटं पुढे धरली.

समोर त्याच्या मागल्या दाराचं कुलूप होतं.