घराचं लोकेशन

आमचे हे रिटायर झाल्यापासून सकाळी पोहे खायला चौकातल्या दुकानावर जातात आणि जेवायच्या वेळेला घरी उगवतात. तिथल्याच बाकावर बसून ह्यांनी मोठ्या ऐटीत ॲपमध्ये आमच्या घराचं लोकेशन टाकलं. नोकरीभर नकाशे काढले म्हणे, पण आपण बसलोय कुठे, एवढं बघायचं काही सुचलं नाही. मग माझा नवा मिक्सर पोह्याच्या दुकानावर पोचला. मी कुरिअरवाल्याला फोनवर झापलं, तर तो शांतपणे म्हणाला, "भाभीजी, लोकेशन पे ही गया था. भिया वहीं बैठे मिले."

दुपारी मिक्सर काखोटीला मारून हे आले आणि लोकेशन बदलायला फोन काढून बसले. मी म्हटलं, राहू द्या, तुमचं घर बरोबर दाखवतंय. माझं मी वेगळं टाकलंय.