ज्योतीच्या मदरबोर्डच्या पिना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती विचारते, ज्योतीच्या गल्लीतून जायचं का टाळता, आणि मी उन्हाचं निमित्त सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्याशी बोलता येईल.

गोरेगावात जीप थांबतात तिथं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीपेक्षा लोक विचारायलाच जास्त यायचे. नवा प्रोसेसर कधी निघणार, निघाला की जुन्याचा भाव उतरेल का, आत्ता घ्यावं की थांबावं — काकांना, म्हणजे मला, विचारल्याशिवाय कुणी मदरबोर्ड बदलत नसे. आणि थांबणं आमच्याकडे शिकवावं लागत नाही. सोयाबीन घरात ठेवून भावाची वाट बघणारी माणसं आम्ही. थांब म्हटलं की तो सल्ला शहाणपणाचाच वाटतो.

ज्योती लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. एकटीचं दुकान, एकच कॉम्प्युटर. नव्या कॅमेऱ्यांचं शूटिंग त्यावर अडकत चालायचं. म्हणून तिनं त्याच बोर्डात बसणारा वेगवान प्रोसेसर मागवला आणि लग्नसराईच्या तोंडावर माझ्याकडे बसवायला आणला. मी जुना काढला, नवा चिमटीत धरला, आणि — हात थरथरला. प्रोसेसर सॉकेटवर, बोर्डावरच्या त्याच्या बसायच्या जागेवर, तिरका पडला. केसासारख्या बारीक पिना असतात तिथं. काही वाकल्या. सुईनं सरळ करायला गेलो, तर एक तुटलीच.

सांगता आलं नसतं का? माझ्या हातून बिघडलं, एवढंच तर म्हणायचं होतं. पण काकांचा हात कापतो हे गावभर झालं असतं, मग माझ्याकडे कोण आलं असतं?

मी सांगितलं, बोर्ड आधीच मरायला टेकला होता. ती म्हणाली, मग आजच हिंगोलीहून दुसरा आणते. तिथला दुकानदार जुना बोर्ड बदल्यात मागायचा. त्यानं पिना बघितल्या असत्या — आणि मी घाईनं बोललो, "थांब. दोन-तीन महिन्यात नवीन येऊन राहिलंय. सॉकेटच बदलणार हाय. आता घेतलेलं वाया जाईल."

नवीन खरंच येणार होतं. खऱ्या बातमीच्या आड लपलो मी.

तिला माझं एक जुनं मशीन दिलं. त्यावर लग्नपत्रिका व्हायच्या, व्हिडिओ नाही. नवीन आलं ते महाग. मी म्हणालो, भाव उतरू दे. उतरायच्या आत त्याच्या पुढच्याची बातमी आली. पुन्हा थांब म्हणालो. ती थांबली. लग्नं थोडीच थांबतात? तिची कामं सेनगावच्या स्टुडिओकडे गेली, मग दुकान गेलं. आता ती दुसऱ्याच्या कापडदुकानात उभी असते.

परवा ती लेकीला घेऊन घरी आली. लेकीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय.

"काका, आता घ्यावं का थांबावं?"

लेक हसली. "आई, तू थांबूनच राहिलीस की जन्मभर."

"गप. काका होते म्हणून मी तवा फसले न्हाई."

हे ऐकून मी काय केलं? आत चहा ठेवायला सांगितला. चहा आला. माझी कपबशी वाजायला लागली, तशी ज्योतीनं ती अलगद माझ्या हातातून घेतली आणि खाली ठेवली.

"हात लई कापून राहिलाय काका. कवापासून?"

"आताशा," मी म्हणालो.

आताशा नव्हे. मघाशी मी म्हणालो, त्या दिवशी हात थरथरला — जणू पहिल्यांदाच. तिचं मशीन उघडलं त्याच्या कितीतरी आधीपासून तो कापत होता. मला ठाऊक होतं. तरी ते काम हाती घेतलं.