मशीनला कुंकू

आमच्या लॅबमधले रक्ताचे नमुने कामापुरते राहतात, किस्से मात्र साचतच जातात. त्यात मलेरिया ओळखणारं मशीन आलं, मग तर विचारूच नका!

मशीन म्हणजे काय, तर मायक्रोस्कोपवर बसवलेला कॅमेरा. काचेवरच्या रक्ताचा फोटो काढायचा आणि त्यात मलेरियाचे जंतू आहेत का, ते कॉम्प्युटर सांगणार. मी पडले नर्स, सुई टोचणारी. मला काय फरक पडतो! पण जन्मभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेले आमचे टेक्निशियन मामा लय चिडले. "माझे डोळे काय फुटले का?"

*

तरी नवीन वस्तूची पूजा मामांनीच केली. नारळ, फुलं आणि कुंकू तर चिमूटभर नाही, मूठभर! मुहूर्ताला डॉक्टरसाहेबांनी स्वतःचं रक्त दिलं. मशीन म्हणालं, "पॉझिटिव्ह!"

साहेबांना तिथंच थंडी वाजायला लागली. पंखा बंद केला, बायकोला फोन लावला. शेवटी कळलं, काचेवर कुंकवाचे कण पडले होते! मामा आठवडाभर खुशीत.

*

बोरी गावाकडच्या एक आजी आल्या, मेंढ्या राखणाऱ्या, तापानं फणफणलेल्या. मी सुई काढली की हात मागं.

"फोटोच काढायचाय न्हवं? मग तोंडाचा काढ की बाई! रगत कशाला?"

पदर सारखा करून ताठ बसल्या. मोबाइलवर फोटो काढला, तेव्हा कुठं बोट पुढं केलं. जाताना म्हणतात, "रिपोर्ट ऱ्हाऊ दे, फोटू दे!"

*

मग मामांची नात आजारी पडली. चिमुरडी हुडहुडत होती. मामांनी तिची काच स्वतः तपासली. "काई न्हाई. साधा ताप हाय."

मशीन म्हणालं, "पॉझिटिव्ह."

या वेळी कुणी हसलं नाही. मशीननं दाखवलेली जागा साहेबांनी मायक्रोस्कोपखाली आणली. मामांनी चष्मा पुसला, डोळा लावला आणि लय वेळ मान वर केलीच नाही.

"हाय," मामा म्हणाले. "साहेब, गोळ्या सुरू करा."

पोरगी बरी झाली. दसऱ्याला मामा पूजेचं ताट घेऊन लॅबमध्ये आले, तसे आम्ही सगळे ओरडलो, "मामा, कुंकू!"

मामांनी मशीनपासून हातभर लांब एक झेंडूचं फूल ठेवलं. हात जोडले. मग कुंकवात बोट बुडवून ते स्वतःच्याच कपाळाला लावलं.

"त्याच्या डोळ्यात जाईल," म्हणाले.