घोडीशी काय बोलावं

मोतद्दाराला तबेल्यात सगळे मौनीबाबा म्हणत. तीस वर्षं त्याने घोड्यांना खरारा केला, त्यांचे नाल पाहिले, पण तोंडातून शब्द काढायचा तो मोजूनमापून. घरीही तेच. बायकोला भांडणही एकटीनेच करावं लागे आणि समेटही एकटीनेच.

मग पांढऱ्या घोडीच्या डाव्या पापणीवर, गुलाबी कातडीत, मसुराएवढी गाठ आली. पहिल्यांदा दिसली ती त्यालाच. डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासून सांगितलं, कॅन्सर आहे, डोळा काढावा लागेल. डोळा गेला, गाठ गेली, घोडी वाचली. पण घोड्याजवळ डावीकडून जायचं, ही अख्ख्या तबेल्याची हाडीमाशी मुरलेली सवय. आता तिकडून कुणी आलं की ती उधळायची.

"महिनाभरात शांत झाली तर ठेवू," मालकीणबाई म्हणाल्या. "नाहीतर विकावी लागेल. इथे मुलं शिकायला येतात."

"तुम्ही बोलत राहा तिच्याशी," डॉक्टरीणबाईंनी सुचवलं. "तुम्ही कुठे आहात ते तिला कळेल."

"काय बोलू?"

"काहीही!"

काहीही त्याला कधी सुचलंच नव्हतं. शेवटी रोज ऐकून पाठ झालेलं तेवढं त्याने घोडीच्या डाव्या कानाशी म्हणून पाहिलं. "अहो, ओला टॉवेल पुन्हा पलंगावर? मी नोकर आहे का तुमची? बोला ना काहीतरी!" घोडीने कान टवकारले आणि चक्क मान खाली घातली. झालं, बांधच फुटला. डाळ करपल्यापासून नणंदेच्या तोऱ्यापर्यंत तो महिनाभर बोलत सुटला.

मालकीणबाई घोडीची परीक्षा घेणार, नेमका त्याच दिवशी त्याचा घसा बसला. डबा घेऊन आलेल्या बायकोला त्याने खुणांनी सगळं सांगितलं.

"घसा बसला? बोलून?" ती कडाडली. "तीस वर्षांत माझ्याशी बोलून नाही बसला तो! अन् ओला टॉवेल आजही पलंगावरच!"

घोडीचा कान तिच्याकडे वळला. मोतद्दाराने झटकन लगाम बायकोच्या हाती दिला आणि तिला डावीकडे उभं केलं. बाई बोलत राहिली, चालत राहिली. शेजारी घोडी, जशी रोजच्या पायवाटेवरून, डुलत रिंगणाला तीन फेऱ्या घालून आली. मालकीणबाई पोट धरून हसत होत्या. "राहू दे गं बाई, राहू दे इथेच!"

घोडीच्या उजव्या बाजूने मोतद्दार पुढे झाला. बसलेल्या घशातून जेमतेम आवाज फुटला.

"टॉवेल उचलतो."

बायको पहिल्यांदाच गप्प झाली, आणि घोडी दचकली.