देवरावभाऊ आणि मधला तंतू

देवरावभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा आमचं बोलणं दीड महिना बंद होतं. कारण सांगितलं की लोक हसतात. कारण होतं एक क्वेसार.

मी दारव्ह्याला शाळेत विज्ञान शिकवलं, भाऊ जिनिंगात कापसाचे ग्रेडर, तंतू ओढून कापसाची प्रत ठरवणारे. दोघंही निवृत्त, रिकामटेकडे. रेडिओ दुर्बिणींनी टिपलेली चित्रं हौशी लोकांनी संगणकावर तपासायची, असं एक काम मला सापडलं. क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र; त्याच्या पोटातल्या कृष्णविवराजवळून दोन बाजूंना झोत सुटतात, लाखो प्रकाशवर्षं लांब, आणि टोकांना ढग साचतात. कोणता ढग कोणत्या क्वेसारचा, एवढंच ओळखायचं. रोज संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात लॅपटॉप घेऊन बसायचो. पहिल्या दिवशी मी भाऊंना तासभर सिद्धांत समजावला. त्यांनी जांभई दिली, चित्र पाहिलं आणि कापसाचा तंतू ओढून पाहावा तसे दोन्ही अंगठे पडद्यावर ओढले. माझा लॅपटॉप तेव्हापासून बरबटलेलाच असायचा. पण भाऊंचं उत्तर सहसा चुकायचं नाही, याचा मला मनातून फार राग यायचा.

मग ते चित्र आलं. दोन ढग, मध्ये क्वेसारचा एक ठिपका, बाकी काळोख. मी म्हणालो, दोन्ही ढग वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नाही.

"मास्तर, मधात तंतू हाय. पातळ झाला, तुटला नाही."

"भाऊ, हा कापूस नाही!"

"मंग तुमाले काहून दिसून नाही राह्यला?"

मी लॅपटॉप मिटला आणि उठून घरी आलो, तो परत गेलोच नाही. दोन गल्ल्यांवर घर त्यांचं... इतक्या लांबचं आकाश पाहणाऱ्या माणसाला तेवढं चालवलं नाही. याची मला लाज वाटते.

तेरवी झाल्यावर त्या चित्राबद्दल संशोधकांचं उत्तर आलं. जास्त बारकाईनं घेतलेल्या नव्या चित्रात ठिपक्यापासून दोन्ही ढगांपर्यंत बारीक झोत सलग दिसत होता. चित्र छापून मी त्यांच्या घरी गेलो. शांतावहिनींनी चष्मा लावून ते पाहिलं.

"वहिनी, मी चुकलो होतो."

"थे म्हणतच होते, मास्तरले समजलं का येईनच. रोज संध्याकाळी अंगणात दोन खुर्च्या टाकत."

खुर्च्या अजून तिथंच होत्या. मी एकीवर बसलो आणि रडलो. वहिनी चहा घेऊन आल्या.

"मास्तर, थे त्याइची हाय. तुमची तिकडली."

मी उठलो आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो.