काच निवेपर्यंत

नंदा सरवदे म्हणजे पायाला भिंगरी. अणदूरजवळच्या हायस्कुलात तिनं तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली, पण बाईला घटकाभर टेकलेलं कुणी बघितलं असेल तर शपथ! परीक्षानळ्या धुवून झाल्या की बरण्या, बरण्या झाल्या की कारण नसताना खिडक्या. पोरं म्हणायची, "मावशी, बसा की वाईच." मावशी म्हणायच्या, "बसलं की अंगाला मुंग्या येत्यात, बाबांनो." आणि असल्या बाईला अठ्ठावीस फेब्रुवारीला सरकार घरी बसवणार होतं. वय साठ पूर्ण, नियम म्हणजे नियम. विज्ञान दिनही नेमका त्याच दिवशी.

पण जाण्याआधी तिच्यामागं दुर्बिणीचं एक खूळ लागलं होतं, आणि त्याला कुलदीप सर कारणीभूत. दोन वर्षांपूर्वी हे तरणेबांड विज्ञानशिक्षक शाळेत आले आणि त्यांनी पाइपात दोन भिंगं बसवून दुर्बीण केली. पुढचं मोठं भिंग उजेड वाकवून एका जागी गोळा करायचं, डोळ्यापाशी असलेलं बारकं भिंग ते चित्र मोठं करून दाखवायचं. सगळी शाळा चंद्र बघून वा वा करत होती. नंदानं मात्र लगेच खोट काढली.

"सर, कडंला ही जांभळी किनार कशाची वो?"

सर खूश झाले. त्यांनी सांगितलं, की काचेतून जाताना उजेडाचे रंग फुटतात, प्रत्येक रंग जरा वेगळ्या जागी गोळा होतो, म्हणून किनार दिसते. आरशाच्या दुर्बिणीत तसं होत नाही. खोलगट आरशाच्या वरच्या तोंडावरूनच उजेड परततो, काचेत शिरतच नाही. शिवाय भिंग फक्त कडेनं धरता येतं, आरशाला पाठीमागून टेकू देता येतो. म्हणून जगातल्या मोठाल्या दुर्बिणी आरशाच्या.

"मग आपुन आरशाचीच करू की!" नंदा म्हणाली. झालं, हौसेला मोल नाही.

सहा इंची जाड काचेच्या दोन चकत्या आल्या. एक ड्रमावर पक्की बसवायची, तिच्यावर घासपूड आणि पाणी टाकायचं आणि दुसरी चकती वरून पुढं-मागं लोटायची. चार हात मारले की चकती जराशी फिरवायची आणि आपणही ड्रमाभोवती एक पाऊल सरकायचं. असं महिनोन्‌महिने केलं की वरची काच आपोआप खोलगट होते. खोल म्हणजे किती, तर मधोमध जेमतेम मिलिमीटरभर! बसायचं नाही, नुसतं फिरत राहायचं. नंदाला आणखी काय पाहिजे?

काम निम्म्यावर आलं आणि सरांची लातूरकडं बदली झाली. जाताना त्यांनी पॉलिश कसं करायचं आणि तपासायचं कसं, तेवढं शिकवलं. काच स्टँडवर उभी करायची, समोर लांबवर बारीकसा दिवा लावायचा आणि काचेवरून परत येणारा उजेड डोळ्यापुढं ब्लेडच्या धारेनं कापायचा. मग काचेवर सावल्या उमटतात. केसाच्या हजाराव्या भागाएवढा उंचवटाही त्यात टेकडीसारखा दिसतो. नंदानं मनाशी ठरवलं, ह्या आरशातून स्वतः चंद्र बघायचा आणि मगच प्रयोगशाळेची किल्ली खाली ठेवायची.

पण ती मेली टेकडी! डिसेंबरपासून काचेच्या मधोमध ठाण मांडून बसलेली. घासून झालं की नंदा काच उचलून तडक स्टँडवर ठेवायची आणि बघायची, तर टेकडी आहेच. परत घास, परत बघ. जेवताना तिचा हात ताटातल्या ताटात गोल फिरायला लागला. नवरा प्रेमानंद वैतागला, "अगं, भाकर तरी सुखानं खा. काच काय पळून चाललीया व्हय?"

"दिवस पळून चालल्यात," ती म्हणाली.

मुख्याध्यापक बलभीम सर म्हणाले, "मावशी, जीव कशाला आटवताय? पुण्याहून तयार दुर्बीण मागवू. पुढं भिंग, मागं आरसा, उजेड आत दुमडून येतो म्हणून नळी वीतभर. कपाटात मावते." नंदा परत काच घासायला लागली.

सव्वीस तारखेला दुपारी परत टेकडी दिसली तेव्हा तिचा धीर सुटला. तिनं कुलदीप सरांना फोन लावला आणि सगळं भडाभडा सांगितलं.

"ताई, घासल्यावर किती वेळानं तपासता?"

"किती वेळानं म्हंजी? लगीच!"

सर हळूच म्हणाले, "अहो, घासून आणि हाताच्या उबेनं काच फुगते. ती निवू द्यावी लागते. दोन तास हात लावू नका, मग बघा. चुकलं माझंच, हे सांगायचंच राहिलं."

दोन तास! नंदानं अख्खी प्रयोगशाळा झाडली, व्हरांडा झाडला, शाळेला तीन चकरा मारल्या. पावणेदोन तासांनी तिनं ब्लेडला डोळा लावला. टेकडी नव्हती. टेकडीच्या जागी खड्डा होता.

तिला सगळं उमगलं आणि ती मट्‌कन खाली बसली. आरसा डिसेंबरातच जमला होता! नसलेली टेकडी उतरवायला तिनं दोन महिने चांगली काच कोरली होती, आपल्या हातानं. तिला स्वतःचा असा राग आला की रडूच फुटलं.

बलभीम सर समजावायला आले. "परवा हाच आरसा लावू. चंद्र दिसेल ना? कुणाला काय कळतंय?"

"दिसंल, पर पुसल्यावानी दिसंल. अन्‌ पोरं म्हंतील, दुर्बिणीतून आसंच दिसतं. न्हाय सर. खड्डा जायाला अजून लई दिस लागत्याल. ह्यो आरसा मी लावू देणार न्हाय."

अठ्ठाविसाला शाल मिळाली, भाषणं झाली, पोरी रडल्या. दुर्बीण नव्हतीच. नंदानं आरसा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि किल्ली बलभीम सरांच्या हातात दिली.

सोमवारी दहाच्या ठोक्याला ती शाळेच्या दारात हजर! बलभीम सर चपापले. "मावशी, सवयीनं आलात काय? तुमची तर सुट्टी झाली."

"म्हणूनच आले. किल्ली द्या. तासभर घासीन, मग काच निवूस्तोवर बसून ऱ्हाईन. नोकरीत मला दोन तास बसायला कवा मिळालं वो, सर?"