निळ्या सुरईची चीर

किल्लीताईंचं खरं नाव हजेरीपटापलीकडे कोणाला ठाऊक नव्हतं. कमरेला चौदा किल्ल्यांचा जुडगा, त्यावरून पडलेलं हे नाव. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर काचसामानाचं दालन आहे, तिथे त्या सव्वीस वर्षं पहारा देत होत्या. पहारा कसला, माणसंच येत नसत. ऊन टाळायला शिरलेलं एखादं जोडपं, नाहीतर शाळेची सहल. बाकी दिवसभर त्या आणि त्यांचं काचसामान.

मग संग्रहालयानं सोशल मीडियासाठी एक बाई नेमली. तिशीतली, चटपटीत. आठवड्यात तिचं नाव ‘रीलवाली’ पडलं. "लोक आपल्याकडे येत नाहीत ना? मग आपण त्यांच्या फोनमध्ये जायचं," ती म्हणाली. पहिल्या व्हिडिओत संचालकांनी कागद धरून माहिती वाचली. अकरा जणांनी पाहिला, त्यातले नऊ इथलेच कर्मचारी.

एकदा तिनं किल्लीताईंना एका लहान मुलीशी बोलताना ऐकलं. पेल्याच्या काचेत अडकलेल्या बुडबुड्याकडे बोट दाखवून ताई सांगत होत्या, "कारागीर काच फुंकत होता ना, तेवढ्यात त्याला शिंक आली असणार!" रीलवालीनं तेवढंच पुन्हा बोलायला लावून संग्रहालयाच्या पेजवर टाकलं. चाळीस हजार लोकांनी पाहिलं. मग दर मंगळवारी एक वस्तू आणि ताईंची एक गोष्ट, असा पायंडाच पडला. लोक प्रश्न विचारत, ताई पुढच्या मंगळवारी नाव घेऊन उत्तर देत. कोणी लिहिलं, अशीच बाटली आमच्या आजीकडे आहे. रीलवालीनं त्या आजीला बाटलीसकट बोलावून घेतलं. दालनात पाय ठेवायला जागा उरेना.

दोघींचं गूळपीठ जमलं. डबे एकत्र उघडू लागले. "माझी आई असती तर तुमच्याच वयाची असती," रीलवाली एकदा म्हणाली, आणि ताई विरघळल्या.

एका दुपारी चित्रण आटोपल्यावर तिनं सहज विचारलं, "ताई, इतक्या वर्षांत हातून काही फुटलं नाही?"

ताईंनी पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या फोनकडे पाहिलं. "तो बंद आहे ना?"

"बंदच आहे हो."

मग ताईंनी पोटातलं ओठांवर आणलं. नोकरीचं तिसरं वर्ष. नवरा अंथरुणाला खिळलेला. पुसताना फडकं अडकलं आणि निळ्या सुरईचा गळा तुटला. तेव्हाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते रागावले नाहीत. ताईंना घरी पाठवून त्यांनी स्वतः गळा जोडला आणि नोंदवहीत लिहिलं, ‘गळ्याला जुनी चीर.’ कोणाला सांगणार नाही, असा शब्द ताईंनी दिला आणि तेव्हापासून दोघांच्याही तोंडाला कुलूप होतं. "नवऱ्यालाही सांगितलं नाही मी," ताई म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी फाटकावरचा रखवालदार ओरडला, "ताई, गाजलात की!" त्याच्या फोनवर त्यांचाच चेहरा. व्हिडिओची सुरुवातच त्यांच्या प्रश्नानं होत होती: "तो बंद आहे ना?" त्यावर हसण्याचा आवाज चिकटवलेला आणि पुढे सुरईची सगळी गोष्ट. आठ लाख लोकांनी पाहिलं होतं. ताई तशाच जिना चढून वर गेल्या.

"बंद आहे म्हणालीस," त्यांनी रीलवालीला गाठलं.

"चुकून चालू राहिला होता, ताई. मग बघितलं तर इतकं खरं होतं... वाचा तरी, लोक रडतायत!"

"मी लोकांना सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं होतं."

रीलवालीनं आठवड्यानं व्हिडिओ पेजवरून काढून टाकला. तोवर त्याच्या नकला जगभर फिरल्या होत्या. चीर बघायला रांगा लागल्या. संचालक खूश, म्हणाले, "सुरईपाशी उभ्या राहा आणि दिवसातून दोनदा ही गोष्ट सांगा." पण व्यवस्थापक मंडळानं त्याच आठवड्यात आता निवृत्त असलेल्या मोठ्या साहेबांकडून खोट्या नोंदीचा खुलासा मागवला आणि संग्रहालयाच्या सल्लागारांच्या यादीतून त्यांचं नाव उडवलं.

ताई त्यांच्या घरी गेल्या. दार साहेबांनीच उघडलं. काठी टेकत उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत.

"साहेब, तिनं फसवलं मला. केसानं गळा कापला."

"तिनं तुम्हाला फसवलं," साहेब शांतपणे म्हणाले. "आणि तुम्ही? कोणाला सांगणार नाही म्हणाला होतात ना?"

साहेबांनी दार हळूच लोटलं. त्यांनी आपटलं असतं तर ताईंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संचालकांच्या टेबलावर अर्ज ठेवला. ‘सुरई मी फोडली. साहेबांनी माझं घर वाचवायला ती जोडली. शिक्षा करायची तर मला करा.’

संचालकांनी दोनदा वाचला. "काय लिहिलंय हो! हा पेजवर टाकू या?"

"मंडळापुढे वाचा," ताई म्हणाल्या. "पेजवर टाकलात तर उद्यापासून मी येणार नाही."

मंडळापुढे तो वाचला गेला आणि साहेबांवरची चौकशी थांबली. साहेबांचं नाव यादीत परत आलं, पण साहेब कधी आले नाहीत. ताईंनी तळघरातल्या कोठारात बदली मागून घेतली.

तिथे एकदा रीलवाली डबा घेऊन आली. "फोन वरच ठेवून आलेय, ताई."

ताई खोक्यांवरची धूळ झटकत राहिल्या. "जेवून घे," त्या म्हणाल्या. "माझं झालंय." त्यांचा डबा बाजूला भरलेला, झाकण लावलेला तसाच होता.